कनकेचा आदित्य

आमच्या नाशकात गोदाघाटावर 'रामेश्वर मंदिर कुठंय?' असं विचारलं तर माणूस जरा थबकतो. 'नारोशंकराचं देऊळ' म्हणा, लगेच बोट दाखवेल. 1747 साली सरदार नारोशंकरांनी ते बांधलं आणि बांधणाऱ्याचंच नाव देवळाला चिकटलं. आज ज्या देवळाबद्दल बोलायचंय, तिथं नाव राहिलंय एका गणिकेचं.

राजापूर तालुक्यातलं कशेळी. रत्नागिरीहून पावस, पूर्णगड, गावखडी असं समुद्र धरून जायचं. गणपतीपुळ्याला थांबलेली गर्दी इथवर येत नाही. कौलारू, कोकणी धाटणीचं देऊळ, आणि आत सूर्य. आपल्याकडे शंकर, गणपती पावलोपावली. सूर्याची देवळं मात्र शोधावी लागतात.

गावात सांगतात ते असं. सौराष्ट्रातल्या प्रभासपाटणहून एक व्यापारी सूर्यमूर्ती घेऊन गलबतातून दक्षिणेकडे निघाला. कशेळीसमोर गलबत अडलं, काही केल्या हलेना. शेवटी त्यानं मूर्ती कड्यातल्या गुहेत ठेवली. ती जागा म्हणजे देवघळी. पुढे कनका नावाच्या गणिकेला दृष्टांत झाला, मूर्ती सापडली, देऊळ उभं राहिलं. कनकेचा आदित्य, तो कनकादित्य.

मूर्ती हलवण्याचं कारण म्हणून अल्लाउद्दीन खिलजीची स्वारी सांगतात. आता सोमनाथावरची ती स्वारी 1299 ची. आणि कशेळीचा ताम्रपट आहे शके 1113 चा, म्हणजे इ. स. 1191. शिलाहार राजा दुसऱ्या भोजानं रोज बारा ब्राह्मणांना भोजन घालण्यासाठी हे गाव दान दिलं, त्याचा तो लेख. पुष्कळजण ताम्रपट आणि कथा एकाच दमात सांगतात, जणू एकानं दुसरी सिद्ध होते. तसं होत नाही हो! दोघांत 108 वर्षांचं अंतर आहे. ताम्रपटानं गावाचं जुनेपण कळतं, मूर्तीच्या प्रवासाचं नाही.

पण म्हणून कथा टाकून द्यावी असं मला वाटत नाही. सौराष्ट्र ते कोकण गलबतांची ये-जा खरीच होती. आणि मुद्दाम रचायची असती, तर देवाच्या नावात भोजराजा घातला असता. व्यापाऱ्याचं तर नावही कुणी सांगत नाही. राहिली ती कनका.

रथसप्तमीला इथं मोठा उत्सव असतो, कालिकावाडीची कालिकादेवी कनकादित्याकडे येते. जमलं तर तेव्हाच जा. फक्त देवघळीकडे उतरण्याआधी भरतीची वेळ गावात विचारून घ्या.