मेथॅम्फेटामीन-व्यसन

मेथॅम्फेटामीन या मेंदूला उत्तेजित करणाऱ्या कृत्रिम द्रव्याच्या वारंवार सेवनाने जडणारा विकार. जपानी रसायनशास्त्रज्ञ नागाई नागायोशी यांनी १८९३ मध्ये एफेड्रिनपासून हे द्रव्य तयार केले आणि दुसऱ्या महायुद्धात जर्मनी व जपान येथील सैनिकांना ते थकवा घालवण्यासाठी दिले गेले.

चेतापेशींमध्ये संदेशवहन करणारे डोपामीन हे रसायन एरवी पेशीतील सूक्ष्म पुटिकांत साठवलेले असते व काम झाल्यावर वाहक प्रथिनाद्वारे परत आत घेतले जाते. मेथॅम्फेटामीन याच प्रथिनाच्या वाटेने पेशीत शिरून पुटिका रिकाम्या करते आणि वाहकाची दिशाच उलटवते, त्यामुळे डोपामीन मोठ्या प्रमाणात बाहेर लोटले जाते. रक्तातील मेथॅम्फेटामीनचे प्रमाण निम्म्यावर येण्यास साधारण १० ते १२ तास लागत असल्याने हा परिणाम कोकेनपेक्षा पुष्कळ अधिक टिकतो. दीर्घ सेवनाने वाहक प्रथिने घटतात, स्मरणशक्ती मंदावते आणि काहींना संशयभ्रम होतात. मात्र नोरा व्होल्कोव व त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००१ मधील अभ्यासात प्रदीर्घ वर्जनानंतर ही प्रथिने बरीचशी भरून आलेली आढळली, जरी बौद्धिक क्षमता तितकी सुधारली नव्हती. रुग्णाला कायमचा निकामी मानणे म्हणूनच अन्यायकारक ठरते.

अफूजन्य द्रव्यांच्या व्यसनावर मेथाडोन आहे, तसे मान्यताप्राप्त औषध येथे नाही. नालट्रेक्सोन व ब्युप्रोपिऑन ही औषधे एकत्र दिलेल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १३.६ टक्के रुग्णांनी प्रतिसाद दिला, तर निष्क्रिय औषध घेणाऱ्यांत हे प्रमाण २.५ टक्के होते. लघवीच्या तपासणीत द्रव्य न आढळल्यास रुग्णाला लगेच बक्षीस देण्याच्या वर्तनोपचाराला सर्वांत भक्कम पुरावा आहे. तरीही तो फार थोड्या केंद्रांत दिला जातो, ही खेदाची बाब होय.