जुन्नरचा डोंगर आणि वैमानिकाचा अंदाज

सातवाहनांच्या काळी जुन्नरहून कोकणात जाणारा वाटसरू नाणेघाटाने उतरत असे. घाटमाथा कोठे संपतो आणि उतार कोठे लागतो, हे त्याच्या पायांनाच कळे. रात्री ढगांतून येणाऱ्या वैमानिकाला हे ज्ञान यंत्रांकडून आणि नकाशावरून मिळवावे लागते.

७ जुलै १९६२ रोजी, मध्यरात्र उलटून थोडाच वेळ झाला असता, अलितालियाचे एक डीसी-८ विमान जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळले. सिडनीहून रोमला निघालेले हे विमान बँकॉक सोडून मुंबईकडे येत होते. विमानातील सर्व ९४ जण मरण पावले. सुमारे ३,६०० फूट उंचीच्या त्या डोंगराचा माथा अगदी थोडक्यात चुकला होता. मुंबई अद्याप सुमारे ८४ किलोमीटर दूर होती. इंग्रजी नोंदींत डोंगराचे नाव ‘दवंड्याची हिल’ असे अर्धे मराठी, अर्धे इंग्रजी उतरले आहे.

आणीबाणीत मार्ग कसा आखावा, याची वैमानिकांची शिस्त ठरलेली आहे. आधी विमान ताब्यात ठेवायचे, मग दिशा ठरवायची, मग नियंत्रण कक्षाशी बोलायचे. एखादे इंजिन बंद पडून उंची राखता येईनाशी झाली, तर डोंगर टाळून जाण्याच्या वाटा उड्डाणापूर्वीच योजलेल्या असतात. उतरण्यासाठी केवळ जवळचा विमानतळ पाहून भागत नाही. धावपट्टीची लांबी, हवामान आणि उरलेले इंधन यांचाही हिशेब करावा लागतो. या साऱ्या विचाराच्या मुळाशी एकच प्रश्न असतो : आपण या क्षणी नेमके कोठे आहोत?

जुन्नरच्या अपघातात हा प्रश्न पुरेशा काटेकोरपणे विचारला गेला नाही. चौकशीत तीन कारणे पुढे आली : स्थान निश्चित करण्यासाठी उपलब्ध साधनांचा वापर न करणे, किमान सुरक्षित उंचीचे उल्लंघन आणि मार्गावरील भूप्रदेशाची अनोळख. मुंबई जवळ आली अशा समजुतीने विमान वेळेआधीच खाली उतरवले गेले.

येथे आम्हांस एक भेद महत्त्वाचा वाटतो. संकट ओळखले गेले, तर शिस्त मदतीला येते. त्या रात्री विमान वैमानिकांच्या ताब्यात होते आणि नियंत्रण कक्षाशी संभाषणही चालू होते. आणीबाणी होती, परंतु ती आणीबाणी आहे हे कोणास ठाऊक नव्हते. जमीन जवळ आल्याचा इशारा देणारी यंत्रे १९७०च्या दशकात विमानांत सक्तीची होऊ लागली, ती अशाच अपघातांमुळे.

इतिहास वाचताना आपण चुकीच्या निर्णयांकडे पाहतो. त्यांमागील खात्रीकडे फारसे पाहत नाही. संशय असता तर वैमानिकाने पुन्हा मोजले असते. न मोजलेली खात्रीच ९४ जणांना त्या डोंगरापर्यंत घेऊन गेली, असे आम्हांस वाटते.