साधं की पॉवर?

सोलापुरात पंपावर गाडी लावली, की नोझल हातात घेतलेलं पोरगं पैशाआधी एक प्रश्न विचारतं: "साधं मारू का पॉवर?" पंप दुसऱ्या कंपनीचा असेल तर पॉवरच्या जागी स्पीड किंवा एक्स्ट्रा प्रीमियम. मागं रांग हॉर्न वाजवत असते. उत्तर लगेच द्यायचं असतं, आणि बहुतेक लोक ते इंजिन बघून नव्हे, खिसा बघून देतात. नवी गाडी असेल तर पहिले काही महिने हौसेनं पॉवर, मग हप्ते सुरू झाले की साधं.

या प्रश्नाचं मूळ एका आवाजात आहे. जुनी अॅम्बेसेडर किंवा पद्मिनी भरलेली असताना चढावर वरच्या गिअरमध्ये ओढली, की बॉनेटखालून टकटक ऐकू यायची. मिस्त्री म्हणायचे, "नॉकिंग मारतंय." सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबलं जातं, मग स्पार्क प्लगची ठिणगी पडते आणि ज्योत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं सरकत जाते. पण दाब आणि उष्णता फार झाली, तर ज्योत पोचायच्या आत पलीकडचं मिश्रण आपणहून एकदम पेटतं. पुढं येणाऱ्या झोक्याला समोरून धक्का मारावा, तसा तो भडका चुकीच्या वेळी पडतो. धातूवर आदळणाऱ्या त्या दाबाचा आवाज म्हणजे नॉकिंग. फार दिवस चाललं तर पिस्टनला भोकसुद्धा पडतं.

अडचण अशी, की मिश्रण जितकं जास्त दाबाल तितकं त्याच पेट्रोलमधून जास्त काम निघतं. म्हणजे ताकद आणि अॅव्हरेज दोन्हींच्या वाटेत हीच टकटक आडवी येत होती.

तिच्या मागं लागलेला माणूस म्हणजे अमेरिकेतल्या डेटन गावचा चार्ल्स केटरिंग. मोटारीला हँडल मारायचा त्रास घालवणारा बटण-स्टार्टर त्याचाच. त्यानं १९१६ मध्ये हे काम थॉमस मिज्ली या तरुण इंजिनिअरकडं दिलं. दोघांनी एक तर्क लढवला: पेट्रोलला लाल रंग दिला तर ते उष्णता लवकर शोषेल आणि टकटक थांबेल. हाताशी तेलात विरघळणारा लाल रंग नव्हता, म्हणून मिज्लीनं आयोडीन टाकलं. टकटक थांबली. मग खरा लाल रंग मिळवून टाकला, तर काहीच फरक नाही. तर्क साफ चुकला होता, पण पेट्रोलमध्ये चिमूटभर काहीतरी मिसळून हा आवाज बंद करता येतो, हे कळलं. पुढची काही वर्षं त्यानं एकामागून एक रसायनं टाकून बघितली. त्यातली काही इतकी घाण वासाची होती, की प्रयोग करणाऱ्यांच्या अंगाचा दर्प जाता जात नसे.

या कुळकथेतला सगळ्यात महत्त्वाचा महिना ऑक्टोबर १९२१. मिज्ली डेटनहून इंडियानापोलिसला इंजिनिअरांच्या परिषदेला गाडी घेऊन गेला. इंजिन जास्त दाबाचं होतं, आणि टाकीतल्या पेट्रोलमध्ये ३० टक्के अल्कोहोल होतं. गाडी न टकटकता गेली. म्हणजे उपाय सापडला होता, आणि तो शेतात पिकत होता. पण दोनच महिन्यांनी, ९ डिसेंबरला, त्याच्या प्रयोगशाळेत टेट्राएथिल लेड या शिशाच्या संयुगानं तेच काम केलं, तेही गॅलनला चमचाभर टाकून. अल्कोहोल कुठल्याही भट्टीत गाळता येतं, त्याच्यावर मक्ता कसा मिळवणार? शिशाचा मक्ता मिळवता येत होता. माझ्या मते निकाल तिथंच लागला.

२ फेब्रुवारी १९२३ रोजी डेटनच्या एका पंपावर हे नवं पेट्रोल विकायला आलं. नाव दिलं 'एथिल'. शिसं हा शब्द शिताफीनं गाळला होता. साधं आणि भारी अशी वाटणी त्या दिवशी झाली म्हणायला हरकत नाही. पुढच्याच वर्षी न्यू जर्सीच्या कारखान्यात हे संयुग बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन दगावले. तेव्हा मिज्लीनं पत्रकारांसमोर त्याच संयुगानं हात धुऊन, त्याचा वास घेऊन दाखवला. स्वतः त्याला आदल्या वर्षी शिशाचीच बाधा होऊन सुट्टी घ्यावी लागली होती, हे त्यानं सांगितलं नाही.

भारी पेट्रोल किती भारी, हे मोजायला माप हवं होतं. ते ग्रॅहम एडगर या रसायनशास्त्रज्ञानं १९२६ च्या सुमारास काढलं. आयसो-ऑक्टेन नावाचा द्रव दाब उत्तम सोसतो, त्याला १००. नॉर्मल हेप्टेन लगेच टकटकतो, त्याला शून्य. हा शुद्ध हेप्टेन तेव्हा कॅलिफोर्नियातल्या एका जातीच्या पाइन झाडाच्या डिंकातून मिळायचा. एखादं पेट्रोल ९१ भाग आयसो-ऑक्टेन आणि ९ भाग हेप्टेनच्या मिश्रणासारखं वागलं, तर त्याचा ऑक्टेन ९१. बस एवढंच. या आकड्यात ताकद नाही, अॅव्हरेज नाही, स्वच्छता नाही. पेट्रोल किती दाब गुपचूप सोसतं, तेवढंच तो सांगतो.

(न्यू जर्सीतला भाचा फोनवर सांगतो, "आमच्याकडं साधं ८७ असतं, मामा," तेव्हा आपल्याकडचं परवापर्यंतचं ९१ त्याच्यापेक्षा भारी समजून खूश होऊ नये. अमेरिकेत दोन वेगळ्या चाचण्यांची सरासरी लिहितात, आपण त्यातली मोठा आकडा देणारी एकच लिहितो. त्यांचं ८७ आणि आपलं ९१ जवळपास एकच.)

आपल्याकडं बरीच वर्षं ८७ आणि ९३ असे दोन दर्जे होते. ९३ मोठ्या शहरांतला माल. अॅम्बेसेडर आणि पद्मिनीची इंजिनं मिश्रण सात-आठ पटच दाबायची, त्यांना ८७ पुरे होतं. आकडा वर ठेवायचं काम शिसं करायचं, आणि ते धुरातून रस्त्यावर, रस्त्यावरून पोरांच्या रक्तात जायचं. एप्रिल १९९५ मध्ये चार महानगरांत बिनशिशाचं पेट्रोल आलं, फेब्रुवारी २००० पासून देशभर. जगातल्या शेवटच्या पंपावरून, अल्जीरियात, शिशाचं पेट्रोल २०२१ मध्ये हटलं.

यानंतर कुळाला दुसरी शाखा फुटली, आणि आजचा सगळा घोळ तिच्यातून आला. २००२ च्या सुमारास भारत पेट्रोलियमनं स्पीड आणलं, हिंदुस्थान पेट्रोलियमनं पॉवर, मागोमाग इंडियन ऑइलनं एक्स्ट्रा प्रीमियम. लोकांना वाटलं हे ९३ चे वारस. पण यांची मुख्य ओळख ऑक्टेन ही नव्हती, त्यात मिसळलेली औषधं ही होती: इंजेक्टर आणि व्हॉल्व्हवर बसणारी काजळी धुणारी रसायनं. एक्स्ट्रा प्रीमियमचा ऑक्टेन साध्याइतकाच, ९१ होता. म्हणजे 'प्रीमियम' या एकाच पाटीखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जाऊ लागल्या. एक जास्त दाब सोसणारी, दुसरी आतून धुणारी.

ही औषधं कुठं पडतात हे बघायचं तर पाकणीला जावं. सोलापूरजवळच्या या स्टेशनापाशी तेल कंपन्यांचे डेपो आहेत. हिंदुस्थान पेट्रोलियमची मुंबई-पुणे-सोलापूर पाइपलाइन ५०८ किलोमीटरची, ती इथंच येऊन थांबते. नळ एकच, त्यातून पेट्रोल आणि डिझेल आळीपाळीनं येतं. तेल कंपन्या एकमेकींच्या रिफायनरीतला माल उचलतात, त्यामुळं पेट्रोल मुळात कुणाचं हे गिऱ्हाइकाला कधीच कळत नाही. ब्रँड जन्मतो तो टँकर भरताना, ठरलेलं औषध मिसळलं की.

या ब्रँडेड पेट्रोलचा घात कुणा प्रतिस्पर्ध्यानं नव्हे, करानं केला. सरकारनं त्यावर अबकारी जास्त लावली. २०१४ च्या अर्थसंकल्पात ती लिटरला साडेसात रुपयांवरून २ रुपये ३५ पैशांवर आणली, तेव्हा साध्यावर ती १ रुपया २० पैसे होती. त्याआधी फरक सहा रुपयांहून जास्त, तोही नुसत्या कराचा. पंपावर पॉवरचं नोझल हुकाला लटकलेलं दिसायचं ते त्या काळात.

दरम्यान सोलापूरच्या साध्या पेट्रोलच्या नशिबात भलतंच काही लिहिलं होतं. एप्रिल २०१० मध्ये देशातल्या निवडक तेरा शहरांना भारत स्टेज चार दर्जाचं पेट्रोल मिळालं, बाकी देशाला स्टेज तीन. यादीत मुंबई, पुणे, बंगळुरू, हैदराबाद अशी नावं, आणि त्यांच्यात सोलापूर. नागपूर नाही, नाशिक नाही. हा मान शहराच्या थाटामुळं मिळाला नव्हता. हवेतल्या धुळीसाठी सर्वोच्च न्यायालयानं २००३ मध्ये ज्या शहरांना कृती आराखडे करायला लावले, त्यांत सोलापूर होतं. गिरण्या बंद पडत चाललेल्या या गावाची धूळ पेट्रोलपेक्षा रस्त्यांची जास्त, असं इथं राहणारा कुणीही सांगेल. पण शिक्षा म्हणा, बक्षीस म्हणा, पेट्रोल सुधारलं. गंधक दहा लाख भागांत १५० ऐवजी ५०. म्हणजे २०१७ मध्ये हा दर्जा देशभर लागू होईपर्यंत सोलापूरचं 'साधं' नागपूरच्या साध्यापेक्षा सरस होतं, आणि त्यासाठी कुणी जादा पैसे मोजायचं ठरवलं नव्हतं.

मग आला ऊस. पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळायचा कायदा आपल्याकडं १९४८ चाच, पण तो कागदावर राहिला आणि २००० मध्ये रद्द झाला. लगेच २००१ मध्ये नव्यानं चाचणी सुरू झाली, ती मिरज, मनमाड आणि उत्तर प्रदेशात एका ठिकाणी. पाच टक्क्यांवरून २०२२ मध्ये दहा टक्के, आता वीस. सोलापूर जिल्ह्यात तीसहून अधिक साखर कारखाने आहेत, माळीनगर-श्रीपूरसारखे काही तर १९३० च्या दशकातले. आज देशातलं निम्म्याहून जास्त इथेनॉल मका-तांदळातून येतं हे खरं, तरी या जिल्ह्यात टँकर निघतो तो मळीच्या वासाचाच. इथेनॉल पाणी ओढून घेतं, म्हणून ते पाइपलाइनमधून पाठवत नाहीत, डेपोवरच मिसळतात.

इथेनॉलचा ऑक्टेन १०८ च्या घरात. सरकारच्या सांगण्याप्रमाणे साध्या पेट्रोलचा आकडा पूर्वीच्या ८८ वरून ९१ झाला होता, वीस टक्के इथेनॉलनं तो ९५ वर गेला. एकेकाळी मोठ्या शहरांत भारी म्हणून विकलं जाणारं ९३ आजच्या साध्याच्या खाली पडलं. ९५ छापलेलं प्रीमियम आणि साधं यांच्यातलं अंतरही, आकड्यापुरतं तरी, मिटलं. राहतं ते औषध.

तेव्हा निवडायचं कसं? गाडीचं माहितीपुस्तक उघडावं, नाहीतर टाकीच्या झाकणाच्या आतली बाजू बघावी. तिथं ९१ लिहिलं असेल तर ९५ टाकून ताकद वाढत नाही. टर्बो किंवा जास्त दाबाच्या इंजिनाला मात्र आकडा लागतो. आजच्या इंजिनातला सेन्सर टकटक ऐकतो आणि ठिणगी थोडी उशिरा पाडतो. त्यामुळं कमी ऑक्टेननं गाडी बिघडत नाही, नुसती मंदावते. मध्येच एखादी टाकी धुणाऱ्या पेट्रोलची भरायला हरकत नाही, पण दर वेळी भरणं म्हणजे हौस.

फक्त ऑक्टेनचा आकडा इथेनॉलची दुसरी बाजू सांगत नाही. लिटरमागं त्यात पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच जुन्या धर्तीच्या चारचाकींचं अॅव्हरेज सहा-सात टक्के घटेल असं म्हटलं होतं. म्हणून जुन्या गाड्यांचे मालक आता एक्सपी१०० विचारू लागलेत. हे शंभर ऑक्टेनचं पेट्रोल इंडियन ऑइलनं डिसेंबर २०२० मध्ये दहा शहरांत आणलं. त्यांत महाराष्ट्रातली मुंबई आणि पुणे, सोलापूर नाही. भाव लिटरला दीडशे रुपयांच्या वर. विचारणाऱ्यांतल्या बहुतेकांच्या इंजिनाला शंभर ऑक्टेनचं काही कामच नाही. ते पैसे मोजतात त्यात इथेनॉल नसतं म्हणून. मिज्लीनं १९२१ मध्ये टाकीत भरून नेलेला आणि मग बाजूला ठेवलेला पदार्थ आपल्या टाकीत नको, एवढ्यासाठी.