खरचटलेल्या सीडीची विद्या : प्रस्तावना

साकोली तालुक्यातले आमचे एकोडी घ्या किंवा भंडारा जिल्ह्यातले दुसरे कुठलेही गाव, वीस वर्षांपूर्वीचे लग्न अनेक घरांत अल्बमसोबत सीडीतही जपलेले असते. व्हिडिओ सीडीवर जेमतेम 74 मिनिटे मावत, म्हणून एका लग्नाच्या दोन-तीन सीड्या. मंडईतली दंडार किंवा रात्रभर रंगलेले झाडीपट्टीचे नाटक कुणी हौसेने टिपून ठेवले असेल, तर त्याची दुसरी प्रत सहसा नसतेच. अशा सीडीतून चित्र आणि आवाज परत मिळवण्याची विद्या या पुस्तकात आहे. ती शिकायला इंजिनिअर असावे लागत नाही, धीर मात्र लागतो.

पहिला प्रश्न : ओरखडा कुठल्या बाजूला आहे? लोक चकचकीत बाजूला जपतात. ती बाजू म्हणजे 1.2 मिलिमीटर जाडीचे पारदर्शक पॉलीकार्बोनेट. लेझरचा किरण त्यात शिरतो तेव्हा पाऊण मिलिमीटरच्या आसपास पसरलेला असतो, आणि माहितीच्या थरावर पोचेपर्यंत दोन मायक्रॉनहून बारीक होतो. त्यामुळे पृष्ठभागावरची धूळ किंवा बारीक चरा त्याला फारसा अडवत नाही. माहिती असते नावे लिहायच्या बाजूला, लॅकरच्या पातळ थराखाली. तिथला खोल चरा कुठल्याही पॉलिशने भरत नाही. तरी वधूवरांची नावे बॉलपेनने दाबून आपण तिथेच लिहितो! शिवाय घरगुती सीडीवरची नोंद रंगद्रव्यात असते. विदर्भातले ऊन तिला ओरखड्याइतकेच बाधते.

उरलेले काम गणित करते. रीड आणि सॉलोमन यांनी 1960 मध्ये मांडलेली चूक-दुरुस्तीची पद्धत 1982 मध्ये बाजारात आलेल्या सीडीत वापरली गेली. लगतची माहिती लांब लांब पांगवून लिहिलेली असल्याने मार्गावरचा सुमारे अडीच मिलिमीटरचा सलग तुकडा गेला तरी तो हिशेबाने परत उभा करता येतो. म्हणूनच सीडी गोल फिरवत पुसू नये. मार्गाच्या दिशेने पडलेला चरा सलग तुकडा खातो, मधून कडेकडे गेलेला प्रत्येक फेऱ्यात थोडासाच. फायलींच्या सीडीत दुरुस्तीचा आणखी एक थर असतो. व्हिडिओ सीडीने तो सोडून ती जागा चित्राला दिली. त्यामुळे लग्नाच्या चित्रात चौकटी उमटतात, पण वरात पुढे सरकत राहते.

टूथपेस्ट हा पहिला उपाय नव्हे. आधी जे वाचता येते ते उतरवून घ्यावे. डीडीरेस्क्यूसारखी मोफत प्रणाली धडधाकट भाग आधी वाचते, अडलेल्या जागांचा नकाशा ठेवते आणि मग त्यांच्याकडे वळते. तोच नकाशा घेऊन दुसऱ्या ड्राइव्हवर प्रयत्न करता येतो. एकाला न जमलेले दुसऱ्याला अनेकदा जमते. घासणे त्यानंतर, आणि तेही चकचकीत बाजूलाच.

नव्या लॅपटॉपमध्ये सीडी ड्राइव्ह येत नाही, जुने बिघडत चालले आहेत. तेव्हा पुढचे प्रकरण उघडण्याआधी कपाटातल्या सीड्या बाहेर काढा, आणि तूर्त त्या पुसू नका.