सौंदडहून दिसलेला हिमालय

नागपूरहून रायपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर साकोली मागे पडली, की थोड्याच वेळात सौंदड लागते. गोंदियाहून चांदा फोर्टकडे जाणारा लोहमार्ग येथेच या रस्त्याला भेटतो. माझ्या लहानपणी त्या लोहमार्गावर छोट्या रुळांची गाडी धावत असे. पुढे रूळ मोठे झाले. रस्ता मात्र त्याहूनही जुना. इंग्रजांच्या कागदपत्रांत तो 'ग्रेट ईस्टर्न रोड' म्हणून येतो. आमच्या तालुक्याच्या गावाने तर तो आपल्या नावातच घेतला आहे. अर्जुनी दोन आहेत. गाडीच्या वाटेवरची ती अर्जुनी मोरगाव, आणि सडकेवरची ती सडक अर्जुनी.

धानाच्या बांध्या, तलाव आणि पलीकडे नवेगावबांधचे जंगल अशा मुलखात बसून कोणी राष्ट्राच्या परराष्ट्रनीतीवर लिहावे, हे वाचकांना चमत्कारिक वाटेल. मलाही पूर्वी वाटले असते. परंतु माझ्या मनात हा विषय दिल्लीतून आलेला नाही, स्वेटरातून आलेला आहे.

१९६२ साली मी प्राथमिक शाळेत होतो. त्या वर्षी लक्ष्मीपूजन २८ ऑक्टोबरला होते, आणि त्याच्या आठच दिवस आधी, २० ऑक्टोबरला, चिनी फौजांनी नामका चू आणि लडाख या दोन्ही अंगांनी हल्ला चढवला होता. दिवाळी आली तोवर तवांग गेले होते. आमच्याकडे रेडिओ नव्हता. गुरुजी नागपूरचे वर्तमानपत्र वाचून दाखवीत. गावात संरक्षण निधी गोळा झाला. माझ्या मावशीने हातातली अंगठी दिली. आणि ज्या मुलखात खरी थंडी म्हणजे पौषातले आठ-पंधरा दिवस, त्या मुलखातल्या बायका लोकर आणवून जवानांसाठी स्वेटर विणू लागल्या. आई रात्री कंदिलाजवळ विणीत बसे. मी तिला विचारले, की जवानांजवळ स्वेटर का नाहीत? तिने सुईवरून नजर न काढता सांगितले, "सरकारला ठाऊक नसेल रे."

पुढे शिक्षक झालो, इतिहास शिकवला, तेव्हा या पोरकट प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा नाद लागला. उत्तर एका खात्यात सापडेना. संरक्षण खात्याने कपडे पुरवले नाहीत हे खरे. नामका चूच्या काठी पुष्कळ जवान उन्हाळी सुती गणवेशात लढले. पण कपडे असते तरी ते पोचवायचे कसे? मोटारीची वाट जेमतेम तवांगपर्यंत; पुढे पायवाट आणि विमानातून टाकलेला शिधा, त्यातला बराचसा दऱ्यांत जाई. म्हणजे रस्ता नव्हता, आणि रस्ता हा विकासाचा विषय. बरे, रस्ता का नव्हता? तर तिकडून युद्ध येईल असे परराष्ट्र खाते धरूनच चालले नव्हते. एका स्वेटरासाठी तीन कचेऱ्यांचे दरवाजे ठोठवावे लागतात, आणि तिन्ही कचेऱ्या एकमेकींकडे बोट दाखवतात.

हे कोणाला आधी सुचलेच नव्हते असे मात्र नाही. १९५० च्या ऑक्टोबरात चिनी सैन्य तिबेटात घुसले आणि ७ नोव्हेंबरला सरदार पटेलांनी पंडित नेहरूंना एक दीर्घ पत्र लिहिले. ते पत्र चीनविषयीच्या इशाऱ्यासाठी प्रसिद्ध आहे. मला त्याची खरी थोरवी त्याच्या शेवटच्या भागात दिसते. तेथे पटेलांनी करावयाच्या कामांची जंत्रीच दिली आहे: सैन्याच्या बळाचा आढावा, हेरखाते, सीमेवरचे रस्ते, लोहमार्ग, विमानवाहतूक आणि बिनतारी यंत्रणा, उत्तरेकडील सीमाप्रदेशांचा कारभार, ल्हासातल्या आपल्या प्रतिनिधीचे भवितव्य. एकाच कागदावर तिन्ही गोष्टी, एकीच्या खांद्याला खांदा लावून दुसरी. पटेल १५ डिसेंबरला वारले. एक समिती नेमली गेली, काही चौक्या बसल्या, १९५१ च्या फेब्रुवारीत मेजर खाथिंग यांनी तवांगचा कारभार हाती घेतला. कामे अगदीच झाली नाहीत असे नव्हे. पण ज्या कागदावर ती एकत्र होती तो कागद पुन्हा कोणी उघडला नाही.

२९ एप्रिल १९५४ चा करार आपण 'पंचशील' म्हणून ओळखतो. त्यात यातुंग आणि ग्यांत्से येथील आपल्या सैनिकी तुकड्या, टपाल-तारेची व्यवस्था आणि विश्रामगृहे आपण सोडली. ती साम्राज्याकडून आलेली होती आणि फार काळ टिकणारी नव्हती, म्हणून सोडण्यात मला चूक दिसत नाही. चूक ही, की सोडताना सीमेचा शब्द घेतला नाही. कराराची मुदत आठ वर्षांची होती. ती १९६२ च्या जूनमध्ये संपली, आणि ऑक्टोबरात काय झाले ते वर आलेच आहे. दरम्यान चीनने १९५७ मध्ये सिंकियांगहून तिबेटला जाणारा रस्ता अक्साई चीनमधून पुरा केला. त्याचा निषेध आपण १९५८ च्या ऑक्टोबरात नोंदवला. आपले सीमा-सडक संघटन स्थापन झाले ते १९६० च्या मे महिन्यात. तोवर लोंगजू आणि कोंगका या दोन्ही ठिकाणी रक्त सांडून गेले होते.

नेहरूंना यासाठी झोडपणे आता सोपे झाले आहे. मला ते पटत नाही. देशात पोटाला अन्न नव्हते, दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत परकी चलनाचा खडखडाट झाला होता. तोफा की कालवे, असा प्रश्न टाकला तर मीही कालवेच म्हटले असते. पण प्रश्न तसा नव्हताच. मुत्सद्देगिरी ही संरक्षणाचा स्वस्तातला पर्याय आहे अशी समजूत झाली, आणि संरक्षणावरचा खर्च म्हणजे विकासाच्या ताटातला घास अशी दुसरी. सीमेवरचा रस्ता हा दोन्ही हिशेबांच्या बाहेर राहिला.

याच मुलखात ही चूक पूर्वीही झालेली होती. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा १७४० नंतर बंगालवर जात. भास्करराम कोल्हटकर हा त्यांचा सेनापती १७४४ मध्ये अलिवर्दीखानाने बोलणीच्या मिषाने तंबूत बोलावून मारला. पुढे १७५१ च्या तहात कटक आणि चौथाईचे वर्षाला बारा लाख भोसल्यांना मिळाले. तलवार आणि तह यांची अशी जोड क्वचित साधते. पण जो प्रदेश मिळाला तो नागपूरशी बांधला गेला नाही. त्याकडे वसुलीचा मुलूख म्हणूनच पाहिले गेले. १८०३ मध्ये आडगाव आणि गाविलगड हातचे गेले आणि १७ डिसेंबरला देवगावच्या तहाने कटकही गेले. पूर्वेकडची पक्की सडक बांधली ती नंतर इंग्रजांनी, आणि ती आपल्या सोयीसाठी.

असो. २१ नोव्हेंबर १९६२ ला चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली, आणि त्याच दिवशी यशवंतराव चव्हाणांनी संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य महाराष्ट्रात इतके वापरले गेले, की त्यामागचा माणूस दिसेनासा झाला. चव्हाण लष्करी विद्येचे जाणकार नव्हते. ते आले होते जिल्हा परिषदांचा कायदा करून, सहकारी कारखान्यांची घडी बसवून. म्हणजे विकासाच्या कारभारातून. निरनिराळ्या खात्यांच्या माणसांना एका टेबलाशी बसवायचे कसे, हे त्यांना ठाऊक होते. दिल्लीत त्यांनी तिन्ही सेनाप्रमुख आणि सचिव यांची सकाळची बैठक नियमाने चालवली. १९६४ मध्ये पाच वर्षांची संरक्षण योजना ठरली: सव्वाआठ लाखांचे भूदल, पंचेचाळीस स्क्वाड्रनांचे विमानदल, सुमारे पाच हजार कोटींचा खर्च. संरक्षणाला प्रथमच विकासासारखे योजनेचे रूप आले. शस्त्रांसाठी चव्हाण स्वतः त्याच वर्षी आधी वॉशिंग्टनला आणि मग मॉस्कोला गेले. नेहरूंच्या निधनाची बातमी त्यांना अमेरिकेतच कळली. शीतयुद्धाच्या ऐन भरात दोन्ही दरबारी जाऊन अलिप्तता न सोडता सामग्री मिळवणे, हे संरक्षणमंत्र्याचे काम, की परराष्ट्रमंत्र्याचे? नाशिकजवळ ओझरला मिग विमानांचा कारखाना उभा राहिला तो सोविएत रशियाशी झालेल्या करारातून. त्याने विमानदलाला विमाने दिली आणि नाशिकला कारागीर. मला या एका कारखान्यात पटेलांचा तो कागद पुन्हा उघडलेला दिसतो.

आमच्या बाजूला त्याच काळात दारूगोळ्याचे कारखाने आले. सीमेपासून दूर, देशाच्या मध्यावर, रस्ते आणि रूळ जवळ, म्हणून विदर्भ निवडला गेला. या सडकेने पश्चिमेला गेले, की भंडाऱ्याच्या पुढे जवाहरनगर, आणि लोहमार्गाने दक्षिणेला गेले, की चांद्याजवळ भद्रावती. आमच्याकडची धानकऱ्यांची पोरे तेथे कामाला लागली. त्यांच्या पगारावर पक्की घरे झाली, बहिणींची लग्ने झाली. त्याची किंमतही याच घरांनी दिली. २४ जानेवारी २०२५ ला जवाहरनगरला स्फोट झाला, त्यात कामगार दगावले.

आणि किंमत विकासानेही दिली. १९६५ चे युद्ध, त्यापाठोपाठ दोन दुष्काळ, आणि चौथी योजना तीन वर्षे लांबणीवर. अमेरिकेकडून गहू येई तो जहाजागणिक, तेथील अध्यक्षांच्या मर्जीने. व्हिएतनामबद्दल दिल्ली काय बोलते यावर आमच्या रेशनच्या दुकानातला गहू अवलंबून होता. धान पिकवणारा आमचा मुलूख, पण मिलो खाल्ल्याचे मला आठवते. धरण रखडले, की परराष्ट्रमंत्र्याचा आवाज उतरतो. हे मी मुलांना शिकवीत असे, तेव्हा ती हसत.

अर्जुनी मोरगावच्या पुढे, गाढवी नदीवरच्या इटियाडोह धरणाच्या परिसरात गोठणगावजवळ तिबेटी लोकांची वसाहत आहे, नोरग्येलिंग नावाची. ती १९७२ ची. त्याच तालुक्यात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांच्याही वसाहती आहेत; त्यांतल्या अरुणनगरला तर रेल्वेचे स्थानकही आहे. दोन शेजारी देशांशी बिघडलेल्या संबंधांचा जमाखर्च असा एका तालुक्यात, गोंड आणि हलबा शेतकऱ्यांच्या शेजारी मांडलेला आहे. हिवाळा आला, की तिबेटी मंडळी नागपूर-गोंदियाला स्वेटर विकायला बसतात. आई असेपर्यंत दरवर्षी त्यांच्याकडून एखादा घेई. विणकामाची वीण उलटसुलट करून पाही आणि बरी आहे म्हणे.

मी तेथे जाऊ लागलो तो नोकरी संपल्यावर. दलाई लामा ३१ मार्च १९५९ ला भारतात आले, त्यांच्यामागून हजारो आले, आणि त्यांतल्या अनेकांना सरकारने हिमालयातले रस्ते बांधायच्या कामाला लावले, हे पुस्तकांत वाचले होते. ज्या रस्त्यांवाचून १९६२ साली आपली कोंडी झाली, ते पुढे कोणाच्या हातांनी झाले, हे तेथे गेल्यावर कळले. १४ नोव्हेंबर १९६२ ला उभारलेल्या तिबेटी जवानांच्या गुप्त दलाविषयीही तेथेच लोक हळू आवाजात बोलले. हे दल १९७१ मध्ये चितगावच्या डोंगरांत लढले आणि २०२० च्या ऑगस्टात पँगाँगच्या दक्षिणेकडील उंचवट्यांवर चढले. ज्यांना त्यांचा देश आपण परत मिळवून देऊ शकलो नाही, त्यांचीच पोरे आपली सीमा राखतात. याला कोणते धोरण म्हणावे, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

तेथील एका म्हाताऱ्याशी माझी ओळख जमली. मनालीच्या वरच्या अंगाला त्याने आईवडिलांबरोबर खडी फोडली होती. त्या तंबूत त्याची धाकटी बहीण गेली. मग एका उन्हाळ्यात त्यांना इकडे आणले. भंडाऱ्याचा वैशाख पाहून बायका रडल्या, असे तो सांगे. मला तो गुरुजी म्हणतो. मागच्या हिवाळ्यात मी त्याला विचारले, की रस्ता पुरा झाल्यावर त्यावरून पहिले कोण गेले?

"मिलिटरीच्या गाड्या," तो म्हणाला. "आमचे तंबू उठायच्या आतच."

"त्या जवानांच्या अंगात स्वेटर होते का?"

त्याला प्रश्नाचे नवल वाटले. थोडा वेळ आठवून तो म्हणाला, "त्यांचे ध्यानात नाही गुरुजी. आमच्या अंगात नव्हते, तेवढे आहे." मग त्याच्या नातवाने हाक मारली. नागपूरला जायची जीप आली होती, गठ्ठे चढवायचे होते, आणि तो उठून गेला.