कोणती बेटे पाहावीत?



कामगार संघटनेचा कार्यकर्ता व्यासपीठावर आला की तो बोनस, पाळ्या आणि महागाईभत्ता यांवरच बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आज मी सहलीविषयी बोलणार आहे. उन्हाळ्याच्या सुटीत कोणती बेटे पाहावीत, एवढाच माझा प्रश्न आहे. बेटे दूरची आहेत, ग्रीस देशाच्या समुद्रातली. परंतु हल्ली आपल्या गावातलीही काही कुटुंबे तिकडे जातात. अशाच एका परिचिताने, माझ्या कपाटात ग्रीसच्या इतिहासाची पुस्तके पाहून, मला सल्ला विचारला. मी तिकडे गेलेलो नाही; माझे ग्रीस पुस्तकांतले. तरीही उत्तर द्यावयाचे ठरवले, कारण प्रश्न वाटतो तितका हलका नाही.

अथेन्सच्या आग्नेयेस एजियन समुद्रात जो बेटांचा पुंजका आहे त्याला सायक्लेड्स म्हणतात. ग्रीक ‘किक्लोस’ आणि आपला ‘चक्र’ हे शब्द एकाच मुळातून आलेले. डेलोस या पवित्र बेटाभोवती चक्राकार बसलेली बेटे, असा त्या नावाचा अर्थ. आज मात्र प्रवाशांचे चक्र डेलोसभोवती फिरत नाही. ते सांतोरिनी आणि मिकोनोस या दोन बेटांभोवती फिरते. पांढरी घरे, निळे घुमट आणि मावळता सूर्य यांसाठी तेथे इतकी गर्दी होते की मोठ्या जहाजांतून उतरणाऱ्या पाहुण्यांवर ग्रीक सरकारने २०२५ च्या जुलैपासून खास कर बसवला. ही बेटे सुंदर आहेत यात शंका नाही. पण ज्याच्या गाठीला आठ-दहा दिवसांचीच सुटी आहे, त्याने सगळे दिवस तेथेच खर्च करावेत काय?

उत्तराआधी थोडे सुटीविषयीच बोलू. ‘सुटी’ हा शब्द आज आपण सहज वापरतो. आपल्या आजोबा-पणजोबांच्या गिरणीत हा शब्द नव्हता. तेथे ‘खाडा’ होता. माणूस आजारी पडो की घरी लग्न असो, खाडा झाला की मजुरी बुडाली. आठवड्याची एक ठरावीक सुटीसुद्धा मुंबईच्या गिरणीकामगाराला आपोआप मिळाली नाही. ‘दीनबंधु’कार नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यासाठी १८८४ पासून सभा घेतल्या, अर्ज केले. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली आणि तीत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. त्यानंतर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. भरपगारी वार्षिक रजा तर त्याहून पुष्कळ उशिरा आली. फ्रान्समध्ये १९३६ च्या मोठ्या संपांनंतर पंधरा दिवसांची भरपगारी रजा कायद्याने मिळाली, आणि त्या उन्हाळ्यात कित्येक कामगारांनी आयुष्यात प्रथमच समुद्र पाहिला. आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाने कायद्याने कामाच्या दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा ठरवली.

तेव्हा सुटी ही कोणीतरी झगडून मिळवलेली वस्तू आहे. ती खर्च करताना मिळवणाऱ्यांच्या दाराशी एकदा जाऊन यावे, एवढीच माझी कसोटी. त्या कसोटीला उतरणारी चार बेटे मी त्या परिचिताला लिहून दिली: डेलोस, सीरोस, सेरिफोस आणि माक्रोनिसोस.

डेलोस आपल्या घारापुरीहूनही लहान. क्षेत्रफळ साडेतीन चौरस किलोमीटरांच्या आतबाहेर. घारापुरीप्रमाणेच येथेही पाहुण्याने सकाळच्या बोटीने जावे आणि दिवस मावळण्यापूर्वी परतावे असा रिवाज आहे. अपोलो देवाचा जन्म येथे झाला अशी ग्रीकांची श्रद्धा. इ. स. पू. ४७८ मध्ये इराणी सत्तेविरुद्ध ग्रीक नगरांनी जो संघ केला त्याचा खजिना येथेच होता. पुढे अथेन्सने तो आपल्या घरी नेला आणि संघाचे साम्राज्य झाले. इ. स. पू. ४२६ मध्ये अथेन्सकरांनी बेट पवित्र करण्यासाठी तेथील थडगी उकरून शेजारच्या बेटावर हलवली आणि येथे कोणी जन्मू नये व मरू नये असा नियम केला.

असे हे सोवळे बेट. पण इ. स. पू. १६६ च्या सुमारास रोमने ऱ्होड्सचा व्यापार मोडण्यासाठी डेलोस करमुक्त बंदर म्हणून जाहीर केले, आणि थोड्याच काळात ते माणसांच्या खरेदीविक्रीचे मोठे केंद्र झाले. भूगोलकार स्ट्रेबो लिहितो की या बंदरात एका दिवसात दहा-दहा हजार गुलाम उतरवून पुन्हा रवाना करता येत. आकडा फुगवलेला आहे असे धरले तरी व्यापार खोटा ठरत नाही. ज्या बेटावर माणसाला जन्मण्याची बंदी होती, तेथे त्याला विकण्याची मुभा होती. आज प्रवासी तेथील संगमरवरी सिंहांची छायाचित्रे घेतात. उघड्यावर आहेत त्या प्रतिकृती. मूळ सिंह संग्रहालयात आहेत. परंतु गुलामांचा बाजार नेमका कोणत्या चौकात भरत होता यावर विद्वानांचे अजून एकमत नाही. देवळे, वाडे आणि सिंह दगडाचे असल्यामुळे राहिले. विकल्या गेलेल्या माणसांचे काही राहिले नाही. डेलोस यासाठी पाहावे.

दुसरे बेट सीरोस. १८२२ मध्ये तुर्कांनी खिओस बेटावर कत्तल केली, तेव्हा जीव वाचवून पळालेले लोक सीरोसच्या ओसाड किनाऱ्यावर उतरले. मागाहून इतर बेटांवरचे निर्वासितही आले. त्यांनी व्यापाराचा देव हर्मीस याच्या नावाने शहर वसवले, एर्मूपोली. थोड्याच वर्षांत ते ग्रीसचे अग्रगण्य बंदर झाले. तेथे जहाजे बांधली जात, कातडी कमावली जात, पुढे सूतगिरण्याही आल्या. १८६१ मध्ये निओरिओन हा जहाजांचा कारखाना निघाला. १८६४ मध्ये व्यापाऱ्यांनी नाट्यगृह बांधले, त्यालाही अपोलोचेच नाव. आणि १८७९ मध्ये येथील जहाजबांधणी कामगारांनी व चांभारकुंडांवरच्या मजुरांनी संप केला; आधुनिक ग्रीसमधील अगदी पहिल्या संपांत त्याची गणना होते. पुढे पिरेअस बंदर वाढले आणि सीरोस मागे पडले. आज तेथे जुन्या कारखान्यांचे संग्रहालय आहे. नाट्यगृह अवश्य पाहावे, पण त्यानंतर या संग्रहालयातही तासभर काढावा. दोन्ही मिळून एकच शहर होते.

तिसरे सेरिफोस, आणि माझ्या मते चौघांत मुख्य. हे डोंगराळ बेट लोखंडाच्या खाणींचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एमिल ग्रोहमान या जर्मन खाणतज्ज्ञाकडे खाणींचा कारभार आला, त्याच्यामागून मुलाकडे. पहाटेपासून अंधार पडेपर्यंत काम, वरचेवर होणारे अपघात आणि दाद मागावयाला जागा नाही, अशी तेथील स्थिती होती. १९१६ मध्ये कामगारांनी संघटना काढली. तिचा पुढारी कॉन्स्टांटिनोस स्पेरास हा याच बेटाचा मुलगा, सिगारेट वळणारा कामगार, वय तेवीस.

ऑगस्ट १९१६ मध्ये संप सुरू झाला. मेगालो लिवाडी या खाडीत खनिज भरण्यासाठी बोट लागली होती. कामगारांनी ती भरण्यास नकार दिला. शेजारच्या केआ बेटावरून सशस्त्र शिपायांची तुकडी आली. तिच्या अधिकाऱ्याने आधी संघटनेच्या मंडळींना कोंडले, मग धक्क्यावरच्या जमावाला पाच मिनिटांची मुदत दिली आणि मुदत संपताच गोळीबार केला. चार कामगार ठार झाले. थेमिस्टोक्लिस कुझुपिस, मिखाइल झोइलिस, मिखाइल मित्रोफानिस आणि इओआनिस प्रोटोपापास ही त्यांची नावे. त्यावर कामगार आणि त्यांच्या बायका दगड घेऊन शिपायांवर तुटून पडल्या. या झुंजीत तो अधिकारीही मारला गेला. महायुद्ध चालू होते, मित्रराष्ट्रांचे आरमार जवळच मिलोस बेटापाशी होते. सरकारी सूडाच्या भीतीने कामगारांनी बेटावर फ्रान्सचे निशाण चढवले आणि त्यांचे संरक्षण मागितले. स्पेरासला पुढे तुरुंग भोगावा लागला. पण खाणीत मजुरी वाढली आणि कामाचे तास आठावर आले.

येथे थोडे आपल्याकडे वळतो. १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने आठ तासांच्या दिवसाचा पहिला करार केला. त्याचे दहावे कलम हिंदुस्थानसाठी आहे: येथे आठवड्याला साठ तास चालतील. बारावे कलम ग्रीससाठी: तेथे काही धंद्यांना १९२३ पर्यंत, काहींना १९२४ पर्यंत मुदतवाढ. मुदतवाढ मिळालेल्या धंद्यांच्या यादीत चामडे कमावणे आहे, उघड्या खाणी आहेत, मालाची चढउतार आहे. म्हणजे सीरोसचा चांभारकुंडावरचा मजूर, सेरिफोसचा धक्क्यावरचा हमाल आणि आपल्या परळचा साचेवाला हे एकाच कागदावर, एक कलम सोडून शेजारी बसलेले आहेत. तिघांनाही जगाने तेव्हा एकच सांगितले: तुमची पाळी नंतर. ग्रीसने करार १९२० मध्ये मान्य केला, हिंदुस्थानने १९२१ मध्ये. हा योग ध्यानात आल्यापासून सेरिफोस मला परके वाटत नाही.

स्पेरासचा शेवट मात्र सांगितलाच पाहिजे, कारण तो आम्हां चळवळवाल्यांना टोचणारा आहे. १९१८ मध्ये ग्रीसचा सर्वसाधारण कामगार महासंघ स्थापन झाला, त्यात तो होता. त्याची मते स्वतंत्र, कोणत्याच पक्षाच्या शिस्तीत न बसणारी. १९४३ मध्ये, देश जर्मनांच्या ताब्यात असताना, त्याला मारले ते मालकांनी नव्हे, जर्मनांनीही नव्हे. कम्युनिस्टांच्या छापामार पथकाने. मालकाच्या गोळीचा इतिहास आम्ही मोठ्याने सांगतो. आपल्याच बाजूच्या गोळीचा इतिहास सांगताना आवाज बसतो. पण सांगताना निवड केली की तो इतिहास राहत नाही, पत्रक होते.

चौथे बेट माक्रोनिसोस. अथेन्सजवळच्या लाव्रियो गावासमोर ते लांबट, उघडेबोडके पडले आहे. लाव्रियोच्या चांदीच्या खाणीत प्राचीन काळी गुलाम राबत. त्याच चांदीतून अथेन्सने आरमार बांधले आणि इ. स. पू. ४८० मध्ये सालामिसची लढाई जिंकली. समोरच्या या बेटावर यादवी युद्धाच्या काळात, १९४७ पासून, सरकारने छावण्या उघडल्या. डाव्या विचारांचा संशय असलेले सैनिक आणि पुढे नागरिकही हजारोंनी तेथे ठेवले. कवी यानिस रित्सोस आणि संगीतकार मिकिस थेओडोराकिस हे त्यांतलेच. छळाचा हेतू एकच, पश्चात्तापाच्या कागदावर सही. ‘माझे विचार चुकले, मी ते सोडले’ एवढे लिहून द्यावे आणि सुटावे. कैद्यांकडून तेथे पार्थेनॉन मंदिराच्या छोट्या प्रतिकृतीही बांधून घेतल्या.

संपानंतर गिरणीच्या दरवाजावर ‘चांगल्या वर्तणुकीचे’ हमीपत्र पुढे सरकवले जाते तेव्हा सही करणाऱ्याचा हात मी जवळून पाहिला आहे. घरी चूल पेटत नसेल तर माणूस सही करतो. त्याला भेकड म्हणण्याचा अधिकार, ज्याची चूल पेटलेली आहे त्याला नाही. माक्रोनिसोसवर ज्यांनी सही केली नाही ते थोर. ज्यांनी केली त्यांचीही आठवण त्याच बेटाने ठेवावी. १९८९ मध्ये ग्रीक सरकारने हे बेट ऐतिहासिक स्थळ म्हणून जाहीर केले. अंदमान जाणणाऱ्या आपल्या लोकांना त्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावयास नको.

माझी यादी पाहून ते परिचित म्हणाले, “तात्या, वर्षभर कटकटी असतातच. सुटीत माणूस विसरावयाला जातो, आणि तुम्ही आम्हांला गोळीबार दाखवावयाला पाठवता!” आक्षेप रास्त आहे. विश्रांती हीच ज्या मागणीचा गाभा होती, त्या मागणीचा कार्यकर्ता विश्रांतीला नावे कशी ठेवील? समुद्रात डुंबावे, मासळी खावी, झाडाखाली झोपावे. त्यासाठीच तर लोखंड्यांनी रविवार मागितला. माझे म्हणणे एवढेच की विश्रांती घेताना पलीकडच्या माणसाची विश्रांती डोळ्यांआड होऊ नये. २०२३ च्या जुलैत ग्रीसमध्ये उष्णतेची भयंकर लाट आली, तेव्हा अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिसवरील रखवालदारांनी दुपारच्या तासांत काम थांबवले. दारापाशी थांबावे लागलेल्या पाहुण्यांपैकी काही चिडले असतील. ज्याला १९१६ ठाऊक आहे तो चिडणार नाही. तो सावली शोधून बसेल. बोटीवरच्या खलाशांचाही तेथे अधूनमधून संप होतो. अडकलात तर एक दिवस अधिक राहा आणि परतीचे तिकीट बेताने काढा.

त्यांच्या यादीतली सांतोरिनी मी खोडली नाही. फक्त तेथले दोन दिवस कमी करावयास सांगितले आणि क्रम लिहून दिला: लाव्रियोच्या किनाऱ्यावरून माक्रोनिसोसकडे एक नजर, पिरेअसहून बोटीने सेरिफोस, तेथून सीरोस, शेवटी मिकोनोसमार्गे डेलोस. मेगालो लिवाडीची खाडी वाळूची आहे, पोहावयास चांगली. जुना लोखंडी धक्का अजून पाण्यावर उभा आहे आणि चार जणांचे स्मारक किनाऱ्यालगतच आहे. मुलांना आधी मनसोक्त पोहू द्यावे, जेवू घालावे, आणि उन्हे कलल्यावर त्या दगडापाशी नेऊन चार नावे वाचून दाखवावीत. त्याला पाच मिनिटे लागतात. त्या अधिकाऱ्याने दिली होती तेवढीच.