इम्युनिटी वाढवायची की आवरायची? एका किड्याची गोष्ट

आधी कबुली देतो. 2020च्या उन्हाळ्यात आमच्या गावात एका काढ्याची जोरदार जाहिरात चालली होती. ‘इम्युनिटी वाढवा, कोरोना पळवा.’ त्याची बातमी मीच केली होती. एकही प्रश्न न विचारता. विक्रेता ओळखीचा, जाहिरातही मिळाली. नंतर वाचत गेलो तेव्हा कळलं की प्रश्न ‘वाढवा’ या शब्दातच होता. मला हे एका किड्याच्या इतिहासाने शिकवलं, म्हणून आज थोडं लांबलचक लिहितोय. चहा घेऊन बसा.

सुरुवात 1882 सालची. सिसिलीतल्या मेसिना गावात एली मेचनिकॉफ हा रशियन प्राणिशास्त्रज्ञ तारामाशाच्या पारदर्शक अळ्या सूक्ष्मदर्शकाखाली बघत होता. त्याने अळीत काटा टोचला. दुसऱ्या दिवशी बघतो तर काट्याभोवती पेशी गोळा झालेल्या! म्हणजे शत्रू घुसला की धावून जाणारी पहारेकऱ्यांची फौज शरीरात उपजतच असते. याच कामासाठी 1908चं नोबेल त्याला पॉल एर्लिशसोबत मिळालं. मुंबईत 1897 साली प्लेगची लस तयार करणारे हाफकिन, ज्यांच्या नावाची संस्था आज परळला आहे, ते याच मेचनिकॉफचे विद्यार्थी.

पण लस ज्या प्रतिकारशक्तीला शिकवते ती वेगळी. ती अनुभवाने शहाणी होते, अँटिबॉडी बनवते. मेचनिकॉफने पाहिली ती जन्मजात. ती चालू कोण करतं आणि बंद कोण करतं, हे पुढची कित्येक दशकं कोडंच होतं.

आता किडा येतो. सिडनी ब्रेनर या शास्त्रज्ञाने 1963मध्ये ठरवलं की सजीवाचं गणित समजून घ्यायला साधा प्राणी हवा. त्याने निवडला सी. एलेगन्स, जेमतेम एक मिलिमीटरचा गोलकृमी. नाव ऐकून पोटातले जंत आठवतील, पण हा त्यांचा लांबचा भाऊबंद. कुजक्या पाल्यापाचोळ्यात राहतो, जिवाणू खातो, कुणाच्या अध्यात ना मध्यात. शरीर काचेसारखं पारदर्शक, आयुष्य दोन-तीन आठवड्यांचं. प्रौढाच्या शरीरात पेशी मोजून 959. ‘किडे कसले पाळता?’ असं कुणीही विचारलं असतं. त्या किड्याच्या अभ्यासातून पुढे नोबेलांची रांग लागली, 2002, 2006, 2008 आणि अगदी 2024सुद्धा.

या किड्याकडे अँटिबॉडी नाहीत. जिवाणू गिळत फिरणाऱ्या पेशीही नाहीत. आणि जेवण काय, तर जिवाणूच! मग तो जगतो कसा?

1999मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये फ्रेडरिक ऑसुबेल आणि सहकाऱ्यांनी किड्याच्या ताटात नेहमीच्या जिवाणूऐवजी स्यूडोमोनास वाढला. हा जिवाणू भाजलेल्या रुग्णांच्या जखमांत आणि आयसीयूत फार त्रास देतो. किडे दोन-तीन दिवसांत मेले. म्हणजे माणसाला छळणारा जंतू किड्यालाही मारतो. आता प्रयोग करायला सोपा प्राणी हाताशी होता.

मग 2002मध्ये डेनिस किम आणि सहकाऱ्यांनी उलट बाजूने शोध घेतला. किड्यांच्या जनुकांत रसायनाने बिघाड घडवले आणि जिवाणूपुढे कोण इतरांपेक्षा लवकर मरतो ते शोधलं. बिघाड सापडला एका साखळीत. आपल्याकडे रिले शर्यतीत हातातली काठी पुढच्याला देतात ना, तसंच. एनएसवाय-1 हे प्रथिन एसईके-1ला जागं करतं, ते पीएमके-1ला. शेवटी आतड्याच्या पेशी जिवाणूविरोधी प्रथिनं बनवायला लागतात. मौज म्हणजे पीएमके-1चा सख्खा नातेवाईक आपल्या पेशींतही आहे. त्याचं नाव पी-38, आणि आपल्याकडेही तो दाह पेटवण्याच्या कामात असतो. कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या दोन घराण्यांत एकच जुनी किल्ली!

आता खरा मुद्दा. 2010मध्ये दोन गोष्टी समोर आल्या. पहिली, साखळीच्या टोकाला एटीएफ-7 नावाचं प्रथिन असतं. एरवी ते संरक्षणाच्या जनुकांना कुलूप लावून बसतं आणि पीएमके-1चा हुकूम आला तरच उघडतं. म्हणजे निसर्गाने ही यंत्रणा मुद्दाम बंद ठेवली आहे.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. लढताना पेशी भराभर प्रथिनं बनवते, त्या ओझ्याखाली तिचा कारखाना कोलमडू नये म्हणून एक्सबीपी-1 हे जनुक लागतं. ते नसलेली पिल्लं स्यूडोमोनासवर वाढवली तर ती मरत होती. संशोधकांनी त्यांचं पीएमके-1सुद्धा काढून टाकलं, म्हणजे लढायची ताकदच कमी केली. आणि पिल्लं वाढली! त्यांना जिवाणू नव्हे, स्वतःचीच लढाई मारत होती.

हे वाचलं आणि 2020चा जून आठवला. ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीतून तेव्हा कळलं की ऑक्सिजन किंवा व्हेंटिलेटरवरच्या कोरोना रुग्णांचे मृत्यू डेक्सामेथासोनने कमी होतात. हे औषध प्रतिकारशक्ती वाढवत नाही, दाबतं! ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना मात्र त्याचा फायदा दिसला नाही. म्हणजे कुणाला, कधी, किती, हाच सगळा खेळ. (म्हणून ते मनाने कुणी घेऊ नका.) त्याच दिवसांत मी मात्र ‘इम्युनिटी वाढवा’ छापत होतो.

घरात पाहुणे येणार म्हणून कुणी चूल दिवसभर भडकती ठेवत नाही. जाळ लागतो तेव्हा लागतो, बाकी वेळ निखारे पुरतात. हे एका मिलिमीटरच्या किड्याला कळतं. मला कळायला चाळिशी उलटली.

यापुढे कुणी ‘इम्युनिटी वाढवणारं’ काही घेऊन माझ्याकडे आलं तर बातमी करण्याआधी तीन प्रश्न विचारीन: नेमकं काय वाढतं? कशावरून? आणि वाढलेलं परत खाली कोण आणतं? तुम्हीही विचारा. आणि त्या जुन्या बातमीबद्दल, मंडळी, उशिरा का होईना, माफी मागतो.